साक्षीदारालाच शिक्षा का?

संपादक महाशय,


मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागावा, गॅरेजमधील स्कॅनरने 'पी ०१३१' असा ऑक्सिजन सेन्सरचा कोड दाखवावा, आणि त्या एवढ्याच पुराव्यावर, दुसरी कोणतीही खातरजमा न करता, सेन्सर बदलून बिल हाती द्यावे, ही जी रीत सर्रास पडली आहे तिच्याविरुद्ध माझी तक्रार आहे.

कोड सांगतो तो इतकाच, की सेन्सरकडून येणारे व्होल्टेज कमी आहे. ते का कमी आहे, हे तो सांगत नाही. माझ्या जुन्या गाडीतील साध्या जातीचा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला म्हणजे धुरात प्राणवायू शिल्लक असता ०.१ व्होल्टच्या आसपास, आणि पेट्रोल अधिक झाले असता ०.९ च्या आसपास व्होल्टेज देतो, व सुस्थितीतील इंजिनात या दोहोंमध्ये सतत हेलकावत राहतो. तो खालीच रेंगाळला, तर एक तर तो निकामी असतो, नाही तर खरे तेच सांगत असतो.

माझा सेन्सर खरे सांगत होता. तो बदलून चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला, तेव्हा एका वयोवृद्ध मिस्त्रींनी सकाळी थंड इंजिन सुरू करून नुसता कान दिला. बारीक टकटक ऐकू येताच टॉर्च धरून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यावरील काजळीची बोटभर रेघ मला दाखविली. सेन्सरच्या अलीकडेच गॅस्केट फुटल्यामुळे तेथून बाहेरची हवा आत ओढली जात होती, आणि त्या हवेला भुलून इंजिनाचा संगणक विनाकारण पेट्रोल वाढवीत होता. गॅस्केट बदलल्यावर त्यांनी, मी हट्टाने परत मागून घेतलेला जुनाच सेन्सर बसवून मीटर जोडला. आकडे पूर्ववत खालीवर होऊ लागले.

तपासणीत गेलेल्या वेळाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, हे गॅरेजवाल्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि ते पैसे आपण खुशीने दिले पाहिजेत. परंतु त्या बदल्यात सेन्सरचे व्होल्टेज, त्याच्या हीटरचा रोध, वायरिंगची स्थिती आणि सांध्यांची गळती यांचा तपशील जॉबकार्डावर लेखी मिळावा, व काढलेला भाग न मागता गाडीमालकाच्या स्वाधीन व्हावा.

आपला नम्र,
एक मोटारधारक, सातारा