न लिहिलेला अर्ज

कोविडच्या साथीत बंद पडलेल्या शाळांना महाराष्ट्र राज्याने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवण्याची मुभा दिली आणि स्थानिक प्रशासनाने आपापल्या तारखा ठरवल्या. वर्गावर जाण्याआधी शिक्षकांना आरटी-पीसीआर चाचणी करून घ्यायची होती. त्या दिवसांत मुख्याध्यापकांच्या टेबलावर सवलतीचे अर्ज येत होते ते मधुमेहाचे, रक्तदाबाचे, हृदयविकाराचे. एका कारणाचा अर्ज मात्र सहसा लिहिलाच जात नव्हता. जिला नुकतेच दिवस गेले आहेत, ती शिक्षिका काही न बोलता चाचणीच्या रांगेत उभी राहत होती. तीन महिने पुरे झाल्याशिवाय ही बातमी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, ही आपल्या घरांतली जुनी रीत. मग ती मुख्याध्यापकांना, तेही पुरुष मुख्याध्यापकांना, काय म्हणून सांगणार?

हे संपादकीय त्या न लिहिलेल्या अर्जाविषयी आहे. साथ ओसरली, मास्क कपाटात गेले. पण गरोदरपणाच्या सुरुवातीला शाळेत यायचे की नाही, हा प्रश्न शिक्षिकेने एकटीने सोडवायचा असतो, ही आपल्या शाळांची समजूत जागची हललेली नाही.

नशिराबादचे उदाहरण घेऊ. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान महामार्गावर वसलेले हे मोठे गाव. मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांच्या शाळा इथे आहेत आणि अनेक शिक्षक दोन्ही शहरांतून अप-डाऊन करतात. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या थांबल्या आणि जवळच्या भादली स्थानकाचा आधार गेला. १ डिसेंबर २०२१ पासून ग्रामीण भागात पहिलीपासूनचे वर्ग भरू लागले, तेव्हा एसटीचा संप सुरू होता. तो पुढे एप्रिल २०२२ पर्यंत चालला. म्हणजे बाकावर एकच विद्यार्थी बसवायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, हात धुवायचे, हे सगळे नियम शाळेच्या फाटकाच्या आत. आणि फाटकापर्यंत पोहोचायचे ते खांद्याला खांदा लावून भरलेल्या रिक्षेतून. अप-डाऊन करणाऱ्या बाईंचा खरा धोका वर्गात कमी आणि वाटेवर जास्त होता. शाळा सुरक्षित असल्याचा शेरा मारताना आपण ही वाट मोजलीच नाही.

त्यात जळगाव जिल्ह्याची स्थिती. २०२० च्या मे-जूनमध्ये इथला कोविड मृत्युदर राज्यातील सर्वांत चिंताजनक दरांपैकी होता. जूनमध्ये जिल्हा रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या वृद्ध रुग्ण महिलेचा मृतदेह अनेक दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला आणि जिल्हा हादरला. शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखले गेले होते. ज्या काळात रुग्णालयाची पायरी चढायलाच लोक भीत होते, त्या काळात पहिल्या सोनोग्राफीसाठी तरी कुठे जायचे, हा प्रश्न गरोदर बाईपुढे होता. शाळेचा प्रश्न त्याच्या मागून येत होता.

आता शासनाचे आदेश आणि बाईचे महिने शेजारी ठेवून पाहा. जून २०२० मधल्या सूचनेनुसार सर्वच महिला शिक्षकांना घरून काम करण्याची मुभा होती. कोणाला काही सांगावे लागत नव्हते. पुढे पन्नास टक्के उपस्थिती आली, नोव्हेंबरात वर्ग आले, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीही आली, आणि दुसऱ्या लाटेने सगळे पुन्हा बंद केले. ऑक्टोबर २०२० मध्ये दिवस गेलेली शिक्षिका साधारण जुलै २०२१ मध्ये बाळंत झाली असेल. तिच्या पहिल्या तिमाहीत शाळा उघडली, दुसरीत आणखी वर्ग भरले आणि पुन्हा बंद झाले. १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेली लस गरोदर स्त्रियांसाठी खुली झाली २ जुलै २०२१ ला, म्हणजे जवळजवळ तिच्या बाळंतपणाच्या दिवसांत. नऊ महिन्यांत तिला निदान तीन वेळा नव्याने ठरवावे लागले, आणि दर वेळी लशीविना.

गरोदर कर्मचाऱ्यांचा विचार कोणी केलाच नव्हता, असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये शाळांसाठी कार्यपद्धती दिली. गरोदर कर्मचाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी आणि त्यांना शक्यतो विद्यार्थ्यांशी थेट संपर्क येणारे काम देऊ नये, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. अडचण एवढीच, की ही सवलत मिळवायची तर आधी गरोदर असल्याचे जाहीर करायला हवे. आठव्या आठवड्यात ते जाहीर करायचे नसते आणि त्यामागे नुसता संकोच नसतो. निदान झालेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस गर्भपातात संपतात, त्यांतल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. आज शाळेला आनंदाची बातमी द्यायची आणि पंधरा दिवसांनी त्याच स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या नजरा झेलायच्या, हे कोणाला हवे असेल? तिचे गप्प राहणे शहाणपणाचे असते. आपली व्यवस्था त्या शहाणपणाला धरून बेतलेली नाही, एवढाच दोष.

कायद्याचेही तसेच. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. बाळंतपणाआधीच्या शेवटच्या आठवड्यांत फार वेळ उभे राहण्याचे काम नाकारण्याचा हक्क त्यात आहे आणि गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची रजाही आहे. म्हणजे कायदा जागा होतो तो पोट दिसू लागल्यावर किंवा सारे संपल्यावर. पहिल्या बारा आठवड्यांसाठी शिक्षिकेच्या हाती उरतात किरकोळ रजा आणि खोटी कारणे. आरोग्य खाते बारा आठवड्यांच्या आत गरोदरपणाची नोंद करायला सांगते, त्यामुळे गावची आशाताई ही बातमी आपल्या आधी जाणते. तिच्यावर बाईंचा विश्वास असतो. आपल्या कार्यालयावर तेवढा का नाही, याचा विचार आपण करायचा आहे.

वैद्यकशास्त्र काय सांगते तेही नीट समजून घ्यायला हवे, कारण भीतीपोटी दिलेली सवलतही चुकीच्या वेळी पडते. कोविडचा गंभीर आजार जास्त आढळला तो गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत. ब्रिटनने १६ मार्च २०२० ला गरोदर स्त्रियांना जोखमीच्या गटात टाकले, पण अधिक कडक सल्ला होता तो २८ आठवड्यांनंतरचा. सुरुवातीच्या महिन्यांत कोविडमुळे गर्भपात वाढतात, असे बहुतेक अभ्यासांत दिसले नाही. तरी त्या दिवसांतला जोराचा ताप चांगला नाही आणि डॉक्टर तो अंगावर काढू देत नाहीत. दुसऱ्या लाटेने चित्र किती बदलले, हे आपल्याच राज्याच्या नोंदींतून कळते. राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि मुंबईचे नायर रुग्णालय यांनी गरोदर व बाळंतीण रुग्णांच्या दोन लाटांची तुलना केली. लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेले आणि मृत्युदर ०.७ वरून ५.७ टक्के झाला. नोव्हेंबरात शहाणपणाचा असलेला निर्णय एप्रिलमध्ये तसा राहिला नव्हता.

दुसऱ्या काही आजारांत हे गणित उलटे होते आणि ते आजार शाळेत कायमचे वस्तीला असतात. रुबेला प्रौढ बाईला चार दिवस पुरळ आणून सोडून देतो. तोच पहिल्या बारा आठवड्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाव घालतो. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये हे प्रथम दाखवून दिले. कांजिण्याही गरोदर बाईला जड जातात. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली. दंड पुढे करणाऱ्या मुलांच्या रांगा आपणच लावल्या होत्या. रांग लावणाऱ्या तरुण शिक्षिकेला स्वतःला प्रतिकारशक्ती आहे का, हे किती शाळांनी विचारले? ही लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात. म्हणून ही चौकशी लग्न झाले, नोकरी लागली, तेव्हाच व्हायला हवी.

तेव्हा ‘गरोदर बाईने शाळेत यावे का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आजार कोणता, महिना कितवा, लस झाली आहे का, गावात साथ कितपत आहे आणि प्रवास कसा, या पाच गोष्टींवर ते ठरते. ठरवणार ती आणि तिचे डॉक्टर. ठरवल्यावर तसे वागण्याची सोय मात्र शाळेच्या हातात आहे, आणि ती सोय कारण न विचारता मिळायला हवी, हे आमचे म्हणणे आहे.

हे अशक्य नाही. ब्रिटनच्या १९९९ च्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा नियमांत एक चांगली तरतूद आहे. जिथे मूल होण्याच्या वयाच्या स्त्रिया काम करतात, तिथल्या धोक्यांच्या पाहणीत गरोदरपणाचा विचार आधीपासूनच धरलेला असावा लागतो. कोणी तसे कळवण्याची वाट पाहायची नसते. नशिराबादच्या शाळेला यासाठी लंडनची परवानगी लागत नाही. मुख्याध्यापकाच्या अधिकारातले वेळापत्रक पुरते.

जूनच्या पहिल्या शिक्षक सभेआधी कामांच्या दोन याद्या करा. वर्ग, मैदान, पोषण आहार, सर्वेक्षण ही संपर्काची कामे. यू-डायस व सरल यांच्या माहिती-नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, ऑनलाइन तास ही बिनसंपर्काची. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तेव्हा दुसऱ्या यादीतले काम किती असते हे आपण पाहिलेच आहे. साथीच्या काळात कोणाही कर्मचाऱ्याला, पुरुषालाही, काही आठवडे दुसऱ्या यादीतले काम कारण न लिहिता मागता आले पाहिजे. वडील कर्करोगाचे उपचार घेत आहेत म्हणून मागणारे सर आणि दिवस गेलेल्या बाई एकाच यादीत असतील, तर कोणाकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

वर्गात कांजिण्या, गोवर किंवा अंगावर पुरळ उठलेले मूल आढळले, की त्याचे नाव न घेता त्याच दिवशी सर्व शिक्षकांना कळवा. आज ही बातमी बाईंना आठवड्याने पालकांकडून कळते. तसेच, अप-डाऊन करणाऱ्यांना पहिला किंवा शेवटचा तास मोकळा मिळाला, तर गर्दीची गाडी टाळता येते.

सर्वांत अवघड भाग बदली तासांचा. ‘त्यांना सवलत आणि आम्हाला दोन तास जास्त’ ही कुरकुर खोटी नसते, म्हणून तिला हिशेबानेच उत्तर द्यावे. बदली तासांची वही उघडी ठेवा आणि वर्षभरात ज्याचे जास्त झाले त्याला परीक्षेच्या कामात सूट द्या. घड्याळी तासिकांवर आणि विनाअनुदानित तुकड्यांवर काम करणाऱ्या शिक्षिकांचा विचार वेगळा करावा लागेल. तास बुडाला की त्यांचे मानधन बुडते. जानेवारी २०२३ पर्यंत प्राथमिक शिक्षणसेविकेचे मानधन महिना ६,००० रुपये होते, हे आठवले तर घरी राहण्याचा सल्ला तिला काय भावाने पडतो ते कळेल. संस्थाचालकांनी अशा शिक्षिकांना बिनसंपर्काच्या कामाचे तास मोजून द्यावेत.

काही मुख्याध्यापक म्हणतील, वरून आदेश आला तर आम्ही काय करणार? प्रश्न रास्त आहे. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातील १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले आणि शिक्षकांनी ते काम केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुकीच्या कामानंतर दगावलेल्या १,६२१ शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी तिथल्या शिक्षक संघटनेने दिली. तिथे एका आठ महिन्यांच्या गरोदर शिक्षिकेच्या मृत्यूची बातमीही आली होती. आदेश आपण बदलू शकत नाही, पण आदेशासाठी नावे आपण पाठवतो. गैरवापर होईल, ही दुसरी शंका. होईलही थोडा. वर्षाकाठी चार जणांनी खोटी सवलत घेतली तर शाळेचे जे बिघडेल ते वेळापत्रकात सावरता येते. पाचवीला गरज असताना ती मागू शकली नाही, तर ते कशानेच सावरत नाही.

पुढची साथ कधी येईल आणि कोणत्या आजाराची असेल, हे माहीत नसले तरी त्या दिवशी आपल्या स्टाफरूममध्ये कोणीतरी दुसऱ्या महिन्यात असेल, हे धरून चालायला हरकत नाही. येत्या जूनच्या सभेत हा विषय पटलावर घ्या, दोन्ही याद्या मंजूर करून इतिवृत्तात नोंदवा आणि सर्व शिक्षकांच्या सह्या घ्या. आपल्या शाळेने काय ठरवले ते आम्हाला कळवा. चांगल्या याद्या याच मासिकात छापू.