निष्ठेचे मोल आणि खिडकीची जागा

मनोरहून पहाटे निघून पालघर स्थानकावर मुंबईची गाडी पकडणारा पासधारक महिन्यातून सुमारे पन्नास खेपा करतो. पासामुळे त्यास भाड्यात मोठी सवलत मिळते. बसावयास जागा मिळेल याची मात्र हमी नसते. विमानात नेमके उलटे घडते. साध्या वर्गातीलही पुढच्या, ऐसपैस जागा कंपन्या वारंवार येणाऱ्या प्रवाशांसाठी राखून ठेवतात.

हा भेद का पडावा? अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठविण्याचा कायदा झाला. स्पर्धा वाढली आणि १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नित्याच्या प्रवाशांसाठी बक्षीस योजना काढली. अशा प्रवाशाचे तिकीट पुष्कळदा त्याचा मालक काढतो. सुख मात्र त्याचे स्वतःचे असते. साहजिकच तो भाड्याची घासाघीस करीत नाही. म्हणजे मोल वारंवारतेचे नसून, दुसरीकडे जाऊ शकण्याच्या सामर्थ्याचे आहे. पालघरच्या पासधारकापाशी ते नाही.

जागा मोजक्याच असतात. एकास राखली की दुसऱ्याची गेली. भारतात २०१३ पासून पसंतीच्या जागेसाठी वेगळा आकार घेण्यास कंपन्यांना मुभा आहे. क्वचित प्रवास करणाऱ्या कुटुंबाने जादा पैसे भरावेत, नाही तर विखरून बसावे! अखेर १२ वर्षांपर्यंतच्या मुलास पालकाशेजारी बसवा, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास २०२४ साली काढावा लागला.

जुने गिऱ्हाईक सांभाळणे गैर नव्हे. परंतु कोणत्या जागा आधीच राखल्या आहेत, हे तिकीट घेतानाच प्रत्येकास कळले पाहिजे. एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.