सही केलीत, कॉपी ठेवलीत?

ऑफर लेटर हातात आलं की आपण आधी काय बघतो? सीटीसी! नोटीस पीरियड, बाँड वगैरे बारीक अक्षरातला मजकूर नंतर. म्हणजे बहुतेकदा राजीनामा देताना. आज गोष्ट एका अशाच करारावरच्या सह्यांची.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात फोर्ट लॅरमी आहे. फोर्ट म्हणून सिंहगड डोळ्यांसमोर आणू नका. तट नाही, बुरूज नाही. नदीकाठच्या माळावर बराकी आणि घरं, बस्स. १८३४ मध्ये फरच्या व्यापाऱ्यांनी इथे ठाणं उभारलं. पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांचे तांडे इथूनच जायचे, म्हणून १८४९ मध्ये लष्कराने ते ४,००० डॉलर्सना विकत घेतलं. तेव्हाची बॅचलर ऑफिसर्सची इमारत आजही उभी आहे. नाव 'ओल्ड बेडलम', म्हणजे जुनं गोंधळघर! रूममेट्सबरोबर राहणाऱ्यांना जास्त सांगायला नकोच.

याच ठाण्यावर १८६८ मध्ये सरकारने लाकोटा आणि इतर सू लोकांशी करार केला. ब्लॅक हिल्सचे डोंगर त्यांचेच राहणार. बारावं कलम तर एकदम कडक : तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांशिवाय जमीन घ्यायची नाही.

१८७४ मध्ये कस्टरच्या तुकडीला त्या डोंगरांत सोनं सापडलं. झालं! १८७७ मध्ये कायदा करून सरकारने डोंगर घेतले. सह्या किती जणांच्या? जेमतेम दहा टक्के.

१८९० मध्ये लष्कर निघून गेलं, बऱ्याच इमारती लिलावात गेल्या. करार मात्र लिलावात गेला नाही. १९२३ मध्ये सू लोक तोच घेऊन कोर्टात गेले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. व्याजासकट भरपाई सुमारे साडेदहा कोटी डॉलर्स.

त्यांनी ती घेतली नाही. डोंगर विकायला काढलेच नव्हते, मग पैसे कसले? ती रक्कम व्याजाने वाढून आता शंभर कोटी डॉलर्सच्या वर गेलीय. आणि नाही म्हणणारे गडगंज नाहीत बरं का. लाकोटांचं पाइन रिज हा अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक आहे.

तेव्हा दोस्तहो, एचआरवाले 'स्टँडर्ड फॉरमॅट आहे' म्हणाले तरी बाराव्या कलमापर्यंत वाचा. आणि कॉपी जपून ठेवा. समोरचा शब्द पाळेलच असं नाही, पण त्याने तो दिला होता हे दाखवता तरी येईल.