गोचिडावर नजर ठेवा, तापाचा माग लागेल

विस्ताराच्या कामासाठी गावोगाव फिरताना गोठ्यात एक दृश्य हमखास दिसते. घरातली बाई गाईच्या कासेजवळचा गोचीड ओढून काढते आणि दगडावर, नाहीतर नखानेच चिरडते. लहानपणी आम्हीही तेच केले. त्या गोचिडाच्या पोटात काय आहे, हे कधी कुणी विचारले नाही. आता ते विचारायला हवे.

गाईचा गोचीड ताप तुम्हाला नवा नाही. संकरित गाय तापते, चारा सोडते, दूध आटते. या तापाला कारण होणाऱ्यांपैकी ॲनाप्लाझ्मा हा एक जिवाणू. पण गोचिडापासून माणसालाही जिवाणूचा ताप येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 'इंडियन टिक टायफस' हा त्यातलाच. तो रिकेट्सिया जातीच्या जिवाणूमुळे होतो आणि कुत्र्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड त्याचा एक वाहक आहे. विदर्भातल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांमध्ये रिकेट्सियाच्या तापाचे रुग्ण नोंदवले आहेत.

औषध आहे, शंका येत नाही

हा ताप सुरुवातीला मलेरिया किंवा डेंग्यूसारखाच वाटतो. अंगावर पुरळ उठते ते दोन-चार दिवसांनी, कधी तळहात-तळपायांवरही. पेनिसिलीनच्या जातीची इंजेक्शने याला लागू पडत नाहीत. लागू पडते ते डॉक्सिसायक्लिन. औषध स्वस्त आहे, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागते. उशीर झाला तर रोगी दगावू शकतो. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसे गेली. तो रोग गोचिडाचा नाही, माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिलांमार्फत येतो. पण औषध तेच आणि उशिराचा धोकाही तोच.

म्हणजे औषध हाताशी असते, पण डॉक्टरांच्या मनात शंका आली तरच ते रोग्याला मिळते. आपल्या शिवारातल्या गोचिडांत कोणता जिवाणू आहे हे आधी कळले, तर ती शंका पहिल्याच दिवशी येईल. गोचिडांची पाहणी करायची ती यासाठी.

पाहणी कशी करतात?

पांढरे फलालीनचे कापड गवतावरून, झुडपांवरून ओढत नेतात. गोचीड त्याला चिकटतात. जनावरांच्या अंगावरचेही वेचतात. मग जात, ठिकाण आणि तारीख लिहून ते प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे पीसीआर तपासणीत जिवाणूचा अंश सापडतो. दरवर्षी त्याच ठिकाणी पाहणी केली, तर नवा जिवाणू आला की लक्षात येते.

अमेरिकेतले उदाहरण बघा. रिकेट्सिया पार्केरी हा जिवाणू तिथे १९३७ साली गोचिडात सापडला. माणसाला त्यापासून रोग होतो हे मात्र २००४ साली जाहीर झाले. मधल्या काळातल्या काही रोग्यांना दुसऱ्याच तापाचे नाव मिळाले असावे. तेव्हा नुसते गोचीड तपासून भागत नाही. तो अहवाल रोगी तपासणाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे.

आपल्याकडे माकडतापाने हाच धडा दिला. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा गोचिडातून पसरणारा विषाणू सापडला. २०१६ मध्ये तोच ताप सिंधुदुर्गात आला. तो विषाणूचा रोग आहे, जिवाणूचा नव्हे. पण मेलेले माकड दिसताच खबर देणे आणि गोचीड गोळा करून तपासणे, ही पद्धत जिवाणूलाही तेवढीच उपयोगी आहे. माकड मरेपर्यंत किंवा माणूस दगावेपर्यंत थांबायचे का, एवढाच प्रश्न आहे.

गावाने काय करावे?

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना विनंती, की पशुवैद्यकीय दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना एकत्र बसवा. आज गाईचा ताप एका वहीत आणि माणसाचा दुसऱ्या वहीत राहतो. कोणत्या वाडीत गोचीड वाढले, कुठे जनावरे तापली, कुठे ताप आणि पुरळ एकदम दिसले, याची एकच नोंद ठेवा. गोचीड तपासणीची मागणी ग्रामसभेत ठरावाने करा.

शेतकऱ्यांनी गोचीड नखाने चिरडू नये. अंगाला चिकटला असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल लावू नये, चटका देऊ नये. जागा साबणाने धुवावी. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवा, कारण गोचीड तिथेच अंडी घालतात. गोचिडाचे औषध पशुवैद्यांना विचारूनच वापरा. गाईसोबत दारचा कुत्राही तपासून घ्या, त्याच्याकडे आपले लक्ष नसते.

घाबरून जाऊ नका. गोचीड चावला म्हणजे रोग झालाच असे नाही. पण ताप आला, तर डॉक्टरांना एवढे एक वाक्य जरूर सांगा: "साहेब, मी गोठ्यात काम करतो, मला गोचीड चावला होता." त्या वाक्याने वेळेवर औषध सुरू होऊ शकते.