काळ्या पडद्याला घाबरतं कोण?

मुरूम म्हटलं की पुण्यातल्या मंडळींना रस्त्यावर टाकायचा मुरूम आठवतो. आमचं मुरूम हे गाव आहे. उमरगा तालुक्यातलं, कर्नाटकाच्या वेशीजवळचं. माझी बहीण तिथे दिली आहे, आणि भाच्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. २०२५च्या भाऊबीजेला गेलो तेव्हा त्याचा कॉम्प्युटर 'बाद' झाला होता. म्हणजे चालत होता बरं का! पण १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा आधार संपला होता, विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरला विचारत नव्हतं, आणि भाच्याला कुणीतरी सांगितलं होतं की आता नवाच घे. कशाच्या जोरावर घेणार? सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलेलं, गिऱ्हाईक उधारीवर आलेलं. मी त्याच मशीनवर लिनक्स टाकून दिलं. दुपार गेली, पैसा एक लागला नाही.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. मी टर्मिनल उघडून भाच्याला काहीतरी दाखवत होतो, तेवढ्यात ओळखीचे एक सर झेरॉक्सला आले. काळी स्क्रीन बघून म्हणाले, "हे कामून शिकवायलाव त्याला? आपली मराठी मीडियमची पोरं. हे इंग्रजी टाईप करायचं काम इंजिनियर लोकांचं. त्याला आपलं क्लिक करून होतंय तेच बरंय."

सर भले माणूस आहेत. पण हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतोय, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

पहिली गोष्ट, हे इंग्रजी नाहीच. एलएस, सीपी, एमव्ही, आरएम... हे शब्द कुठल्या इंग्रज आईनं पोराला शिकवले? ग्रेप तर 'ईडी' नावाच्या जुन्या एडिटरमधल्या एका हुकुमाची आद्याक्षरं जोडून तयार झाला. अमेरिकेतलं पोरगंही पहिल्यांदा बघतं तेव्हा तितकंच बावळट दिसतं. युनिक्स लिहिणाऱ्या केन थॉम्प्सनला पुढे विचारलं होतं म्हणे, की पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलाल? तर तो म्हणाला, 'क्रिएट'च्या स्पेलिंगमधला गाळलेला ई परत घालीन. ज्यांनी ही भाषा केली त्यांनीच इंग्रजीची एवढी मोडतोड केली आहे, मग आमच्या पोरांनी कुणाच्या स्पेलिंगला भ्यायचं?

उलट खरं इंग्रजी आहे ते क्लिक करायच्या मेनूंमध्ये. आणि ते स्थिरही नाही. कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेटसाठी हजारो पोरांनी 'फाईल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट' या क्रमानं मेनू पाठ केले होते. मग ऑफिस २००७ आलं, सगळे मेनू गेले, रिबन नावाची पट्टी आली. पाठांतर पाण्यात! आता दुसरं टोक बघा. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चं. त्यात एलएस आहे, सीपी, एमव्ही, आरएम आहेत, कॅट, सॉर्ट, डब्ल्यूसी आहेत. लिनक्समध्ये हे प्रोग्रॅम नव्यानं लिहिलेले आहेत, पण नावं आणि कामं तीच. पन्नासाहून जास्त वर्षं टिकलेलं ज्ञान गरिबाच्या पोराला 'झेपणार नाही' म्हणून द्यायचं नाही, आणि दर चार वर्षांनी नासणारं मात्र फी घेऊन द्यायचं. याला काय म्हणायचं?

असो. रागावून काही होत नाही. त्या दुपारी काय झालं ते सांगतो.

अतिवृष्टीच्या मदतीसाठी लोकांची दुकानात रीघ होती. भाच्यानं कुणाचं काय भरलं याची वही कॉम्प्युटरवर ठेवलेली: नाव, गाव, गट नंबर, केवायसी झालं की राहिलं. दोनेक हजार ओळी. एक आजी आल्या, आडनाव सूर्यवंशी. तिसरी खेप त्यांची. भाच्यानं शोधलं आणि आधी दोनदा सांगितलं होतं तेच सांगितलं, "आजी, तुमचं नाव नाही यात. फॉर्म भरलाच नव्हता तुम्ही." आजी म्हणाल्या, "भरला की रं बाबा, तूच अंगठा घेतलास."

मी ती वही साध्या मजकुराची फाईल करून घेतली आणि ग्रेप चालवला. नुसतं आडनाव नाही दिलं. जिथे ऱ्हस्व की दीर्घ अशी शंका, तिथे चौकोनी कंसात दोन्ही उकार टाकले: स[ुू]र्यवंशी. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी समोर. त्यात आजी होत्या. भाच्याच्या मित्रानं गर्दीत टाईप करताना 'सुर्यवंशी' लिहिलं होतं आणि भाचा 'सूर्यवंशी' शोधत होता. फॉर्म भरलेला, केवायसी राहिलेलं. एका उकारापायी म्हातारीच्या तीन खेपा!

मग भाचाच पेटला. "मामा, असे अजून किती असतील?" केवायसी राहिलेल्या ओळी ग्रेपनं काढल्या, उभी दांडी देऊन सॉर्टकडे पाठवल्या, पुन्हा दांडी देऊन डब्ल्यूसीकडे, वजा एल लावून मोजल्या. ही उभी दांडी, म्हणजे पाईप, १९७३ची. डग मॅकिलरॉय नावाच्या माणसाची कल्पना: एका प्रोग्रॅममधून निघालेलं दुसऱ्यात सरळ ओतायचं, पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडावं तसं. शेतकऱ्याच्या पोराला हे समजावायला मला एक मिनिट लागलं नाही. (एक्सेलमध्येही हे करता येतं म्हणाल. येत असेल. पण आजी तिसऱ्यांदा आल्या तोवर कुणी केलं नव्हतं.)

काळ्या पडद्याचे काटे मला माहीत नाहीत असं नाही. आरएमनं उडवलेली फाईल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. म्हणून भाच्याला पहिल्याच दिवशी आरएमला वजा आय जोडायची सवय लावली, म्हणजे तो विचारून पुसतो. मॅन लिहून मदत मागितली की समोर येते ती इंग्रजीच, आणि तीही किचकट. इथे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यावर उपाय मराठीत समजावून सांगणं हा आहे, दार बंद करणं नव्हे. आणि जुन्या काळी श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईली असतील तर ग्रेप हात टेकतो, कारण दिसतं मराठी पण आत रोमन अक्षरं भरलेली असतात. युनिकोडमध्ये लिहा म्हणून आम्ही इतकी वर्षं कंठशोष करतो तो याचसाठी.

आणि 'झेपणार नाही' म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी शाळांत मल्याळम माध्यमाची मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकताहेत. त्यांच्या आयाबापांची शेतीच आहे, मजुरीच आहे. फरक एवढाच की तिथे पोरांना काय झेपेल हे कुणी आधीच ठरवून टाकलं नाही.

निघताना एका कोऱ्या कागदावर बारा कमांड देवनागरीत लिहून दुकानाच्या भिंतीला चिकटवून आलो. शेजारी मराठीत एकेक ओळ: पीडब्ल्यूडी, मी कुठे आहे. सीडी, तिकडे चल. एलएस, इथे काय काय आहे. डीएफ, डिस्कवर जागा किती उरली. खाली मोठ्या अक्षरात, नाव अर्धं लिहून टॅब दाब, उरलेलं तो लिहितो.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, ती राहिलेल्यांची यादी स्क्रीनवरच दिसायली. फाईलीत कशी घ्यायची?"

म्हटलं, शेवटी 'पेक्षा मोठं'चं चिन्ह दे आणि फाईलीचं नाव लिही. एकदा दिलंस तर जुनं पुसून नवं लिहितो, दोनदा दिलंस तर जुन्याच्या खाली जोडतो.

"थांबा थांबा," म्हणाला, "भिंतीवर लिहून घेतो."