आडवाटेचे भाडे

मराठीत प्रवासाची भाषा मुळात पायांची आहे. वाटचाल, पायपीट, पायवाट, वाट तुडवणे, पायधूळ झाडणे हे सारे शब्द चालणाऱ्या माणसाने घडविले. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाले, आणि प्रवासवर्णन म्हटले की चालणारा, थांबणारा, कुणाच्या तरी ओसरीवर उतरणारा माणूसच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहू लागला. गो. नी. दांडेकरांनी दुर्ग पाहिले ते पायी. याचा अर्थ यंत्राला आपल्या प्रवासात जागाच नव्हती, असा मात्र नाही. मुंबईहून मालवणला येणारी आगबोट आणि घाट उतरणारी एसटी यांनी कोकणच्या आठवणींची कित्येक पाने भरली आहेत. पण ही यंत्रे माणसाला कुठेतरी पोहोचवीत. अलीकडे सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जे नवे यंत्र आले आहे, ते कुठेच पोहोचवीत नाही. निघाले तिथेच परत आणून सोडते. आमच्या मते त्याच्याविषयी विचार करण्याचे पहिले कारण हेच आहे.

हे यंत्र म्हणजे क्वाड बाइक, जिला आपल्याकडे सर्रास एटीव्ही म्हणतात. चार रुंद, कमी हवेची चाके, मोटरसायकलसारखे हँडल, अंगठ्याने दाबायचा अॅक्सिलरेटर. जपानी कंपन्यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत विकलेल्या अशा गाड्या तीनचाकी होत्या. त्या फार उलटतात म्हणून १९८८ साली तिथे त्यांची विक्री थांबली आणि चारचाकी राहिल्या. शेतावर चारा, औषधफवारणीचे सामान, कुंपणाच्या तारा वाहून नेण्यास ही गाडी उत्तम. आपल्याकडे मात्र ती आली ती करमणुकीसाठी. तारकर्लीच्या बाजूला पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड यांच्या दरपत्रकात ती एक ओळ होऊन बसते. थोडे जास्त पैसे मोजले तर 'गाईडेड ऑफ-रोड टूर' मिळते, म्हणजे पुढे एक गाडी, मागे आपण, आणि वाट अर्धा-पाऊण तासाची.

अशी एक फेरी आम्हीही मालवण तालुक्यात केली आहे. चालविण्यात मौज असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चढावर चाके माती पकडतात तेव्हा शरीराला जो आनंद होतो, तो लहानपणी उतारावरून सायकल सोडल्याच्या आनंदाचाच भाऊ आहे. पण फेरी संपल्यावर काय पाहिले ते आठवू लागलो, तर पुढच्या गाडीची मागची दोन चाके आणि तिने उडविलेली तांबडी धूळ, याखेरीज फारसे काही हाती लागेना. वाटेत काजूची झाडे होती, एक व्हाळ होता, कुणाच्या तरी कुळागराचा जांभ्या दगडांचा गडगा होता. इंजिनाच्या आवाजापुढे मार्गदर्शकाला काही सांगता येत नव्हते आणि आम्हांला विचारता येत नव्हते. तो विशीतला, याच मातीतला पोरगा होता. त्याला त्या व्हाळाचे नाव, त्या झाडांचा मालक, पावसात तिथे येणारे मासे, सारे ठाऊक असणार. पण त्याच्या धंद्याने त्याचे हे ज्ञान निरुपयोगी ठरविले होते. वाटाड्या आणि गाईड यांत फरक असलाच तर तो हा, की वाटाड्याचे बोलणे हीच वाट असते.

इथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. जाहिरात स्वातंत्र्याची असते: रस्ता सोडा, मनाला येईल तिकडे जा. प्रत्यक्षात मात्र आपण एका आखलेल्या वर्तुळावर रांगेत जात असतो आणि रांग मोडू नका, अशी ताकीद आधीच मिळालेली असते. ही ताकीद योग्यच आहे. गाडी अडीच-तीनशे किलोंची, आणि पुष्कळ गाड्यांची मागची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली. अशी गाडी हँडल फिरवूनच नव्हे, तर अंगाचा भार टाकूनही वळवावी लागते. तिची बैठक लांब असते ती चालविणाऱ्याला पुढेमागे सरकता यावे म्हणून, मागे मुलाला बसविण्यासाठी नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळा वर्षांखालील मुलांनी ही गाडी चालवूच नये असे सांगत आली आहे. आपल्या किनाऱ्यांवर आई, बाबा आणि पुढे टाकीवर बसविलेले चिरंजीव असे त्रिकूट एकाच गाडीवर दिसते, डोक्यावर काही नसताना. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबासाठी गेलेली पर्यटकांची नौका उलटून दोघांचा जीव गेला. तेव्हा पाण्यातील खेळांच्या सुरक्षिततेची चर्चा झाली. वाळूवरच्या खेळांची चर्चा करायला तशाच प्रसंगाची वाट पाहावी काय?

तरी सुरक्षितता हा आमचा मुख्य मुद्दा नव्हे. हेल्मेट घालता येते, वयाची अट पाळता येते, विमा उतरविता येतो. मुख्य मुद्दा 'ऑफ-रोड' या शब्दात दडलेला आहे. रस्त्याबाहेर जे आहे ते मोकळे आहे, कुणाचे नाही, म्हणून ते भाड्याने देता येते, असे हा शब्द गृहीत धरतो. कोकणात अशी जागाच नाही. इथल्या माणसाच्या लेखी प्रत्येक पाणंदीला, राईला, वेशीवरच्या दगडाला राखणदार असतो. त्याला गाऱ्हाणे घालूनच पाऊल टाकायचे असते. या श्रद्धेवर आपला विश्वास असो वा नसो, तिच्यामागचा व्यवहार समजण्याजोगा आहे: निर्जन दिसणारी जागाही कुणाच्या तरी उपयोगाची, कुणाच्या तरी हक्काची असते.

पुळण घ्या. पर्यटकाला ती रिकामी वाळू दिसते. रापणकारांसाठी ती कामाची जागा आहे. होडी पाण्यात अर्धवर्तुळ करून जाळे सोडते, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून पाच-पन्नास माणसे ओढतात आणि मासळीचे वाटे वाळूवरच पडतात. मासळी वाळत पडते तीही तिथेच. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे याच वाळूत येतात. मादी रात्री भरतीरेषेच्या वर हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पिले साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणीच्या लोकांनीही हे काम आपले मानले. यात एक साधी गोष्ट आहे, जिचा विचार गाडीवर बसणारा करीत नाही. कासवमित्र पहाटे किनारा चालतात तेव्हा घरटे शोधायला त्यांच्यापाशी एकच खूण असते, मादीच्या फरपटत गेलेल्या वल्ह्यांचा वाळूवर उमटलेला माग. त्या मागावरून चार चाके गेली की घरटे हरवते. हरवलेले घरटे कोल्हे-कुत्र्यांचे भक्ष्य. आणि त्यातूनही पिले निघालीच, तर बोटभर लांबीच्या पिलाला चाकाची चाकोरी म्हणजे खंदक.

ओल्या वाळूवरची चाकोरी पुढची भरती पुसून टाकते, हे खरे. नुकसान होते ते वरच्या कोरड्या वाळूत आणि टेकाडांवर. त्या टेकाडांना धरून ठेवणारी, जांभळ्या फुलांची वेल आपल्याकडे मर्यादवेल या नावाने ओळखली जाते. समुद्राची आणि गावाची मर्यादा जिथे मिळते तिथे ती पसरते. तिची मुळे वाळू बांधतात, बांधलेली वाळू लाटा अडविते. वेल चिरडली तर वाळू सुटते आणि वारा ती उडवून नेतो. हे नाव ज्यांनी दिले त्यांना किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना ठाऊक नव्हती. परंतु २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूची टेकाडे आणि कासवांची विणीची ठिकाणे सर्वाधिक संवेदनशील वर्गात घातली, तेव्हा कायद्याने जे म्हटले, ते त्या नावात आधीच होते.

किनाऱ्यावर हरकत घेतली की गाड्या सड्याकडे वळतात. 'तिथे तर नुसता कातळ आहे' असे म्हटले जाते. जांभ्याच्या या पठारांवर माती असते ती बोटभर. तेवढ्याच मातीत पावसाळ्यात सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, गुरे चरतात, आणि कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला पोहोचते. ही बोटभर माती एकदा चाकांनी उकरली की पहिल्या पावसात वाहून जाते. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने कातळात कोरलेली चित्रे आहेत. कोकणातील अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला आणि कुडोपी त्यांत आहे. ही चित्रे जमिनीसपाट आहेत. त्यांना कुंपण नसेल तर गाडीवाल्याला ती दिसतही नाहीत. नुसत्या कातळावर माणसाने हजारो वर्षांपूर्वी काय पाहिले हे वाकून, बसून, उन्हे कलल्यावरच दिसते.

आता दुसरी बाजू. ती नीट मांडल्याशिवाय वरचे सारे शहरी माणसाचे रडगाणे ठरेल. सिंधुदुर्ग १९८१ साली जिल्हा झाला आणि १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ मध्ये चिपीला विमानतळ आला, पलीकडे मोपाही सुरू झाला. दरम्यान पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौकांपुढे रापण आणि छोटी मासेमारी हटत गेली. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले तरी तंटा मिटला नाही. ज्याची मासळी गेली त्याने घरातली खोली पर्यटकाला दिली, होडी डॉल्फिन दाखवायला लावली, कर्ज काढून दोन एटीव्ही घेतल्या. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्याने सुटीत येऊन त्याला 'गाव जसा होता तसाच ठेव' असे सांगावे, हा उद्धटपणा आहे. कोकणचे शांतपण आम्हांला हवे आणि त्याची किंमत त्याने मोजायची, हा न्याय नव्हे.

पण म्हणूनच याच इतिहासाकडे बोट दाखवावेसे वाटते. रापणकाराचे पर्ससीनबद्दलचे गाऱ्हाणे काय होते? मोठे यंत्र सामाईक पाण्यात उतरते, थोड्यांच्या पदरात पुष्कळ टाकते आणि उद्याचे बी खाऊन जाते. सामाईक वाळूवरचे आणि सामाईक सड्यावरचे यंत्र याच हिशेबाने तपासायला नको काय? एटीव्हीचे भाडे एकाला मिळते, चाकोरी साऱ्या गावाची होते. कासव पाहायला आलेला पर्यटक मात्र रात्री राहतो, दोन वेळ जेवतो आणि एका घरापेक्षा अधिक घरांत पैसे सोडतो. वेळासने हे दाखवून दिले आहे.

जगात हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९७२ साली निक्सन यांच्या आदेशाने सरकारी जमिनींवर अशा वाहनांचे मार्ग ठरवून देणे बंधनकारक झाले. केप हॅटरस या प्रसिद्ध किनाऱ्यावर २०१२ पासून परवाना लागतो आणि कासवांच्या हंगामात रात्री वाहनांना मज्जाव असतो. दक्षिण आफ्रिकेने २००१ साली नियम करून करमणुकीसाठी किनाऱ्यावर वाहन चालविणेच बंद केले. फार लांब कशाला, शेजारच्या गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ साली काढलेल्या आदेशात किनाऱ्यावर गाडी चालविण्यास मनाई करून ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. एका जागी मनाई झाली की धंदा शेजारी सरकतो, हा बाजाराचा नियम आहे. गोव्याचा शेजारी कोण, हे सांगायला नको.

मग काय करावे? सरसकट बंदी आम्हांला पटत नाही. बंदीने पोरांच्या डोक्यावर कर्ज राहते आणि गाड्या रात्री फिरतात, जे सर्वांत वाईट. जिल्ह्यात चिरेखाणींना तोटा नाही. चिरे काढून झाल्यावर सोडून दिलेल्या, माती आणि झाड आधीच गमावून बसलेल्या या जागा गावागावांत पडून आहेत. त्यांतल्या सुरक्षित, कडे उतरते करून घेतलेल्या खाणींत आखलेला मार्ग करावा. तिथे चढ आहेत, उतार आहेत, चिखल आहे, म्हणजे या गाडीला हवे ते सारे आहे, आणि मोडण्यासारखे उरलेले नाही. भाड्याचा ठराविक हिस्सा ग्रामपंचायतीला मिळावा. भरतीरेषेच्या वरची वाळू, टेकाडे आणि कातळशिल्पांचे सडे यांना चाक लागू नये. हा निर्णय पर्यटन महामंडळाच्या कचेरीत न होता ग्रामसभेत व्हावा, आणि सभेला रापणकार, कासवमित्र, गुराखी यांच्याबरोबर एटीव्हीवालाही बसावा.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे भाडे देणाऱ्यांचा. जयवंत दळवींनी आरवलीसारख्या गावातली माणसे रंगविली त्या पुस्तकाला 'सारे प्रवासी घडीचे' असे नाव दिले. घडीच्या प्रवाशाला घडीभराची मौज हवी असते, त्यात गैर काही नाही. पण आपण घडीचे आहोत आणि ज्या वाळूवरून जातो ती घडीची नाही, एवढे भान ठेवणे अवघड नसावे. पुढच्या वेळी कुणी 'ऑफ-रोड' फेरीचे दरपत्रक पुढे केले, तर भाव करण्याआधी एक प्रश्न विचारावा: ही वाट कुणाच्या जागेतून जाते? उत्तर देता आले नाही, तर गाडी तिथेच ठेवून त्याच पोराला म्हणावे, 'पैसे तेवढेच घे, चालत दाखव.'