बदकं मारणारे आणि तळी मारणारे

मंडळी, या विकांताला जरा कडू लिहिणार आहे. आधीच सांगून टाकतो, मी शिकारीच्या बाजूचा नाही. हवेतल्या पक्ष्याला छर्रे घालून खाली पाडण्यात काय मजा येते ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. तरीही आज मी शिकाऱ्यांची बाजू मांडणार आहे. का, ते वाचा.

आमच्या प्रोजेक्टचा क्लायंटकडचा एक माणूस वर्षातून दोनदा हमखास रजा टाकतो. एकदा बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा 'डक्स अनलिमिटेड'च्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी. त्याची रजा आली की हापिसात ठरलेला संवाद होतो. "कसले लोक रे हे! बिचाऱ्या बदकांना मारतात आणि वर संमेलनं भरवतात!" हे बोलणारी आम्ही सगळी पोरं बसलेलो असतो ऐरोलीत, ठाणे खाडीपासून हाकेच्या अंतरावर, काचेच्या इमारतीत.

आता या संमेलनवाल्यांचा हिशोब बघू. डक्स अनलिमिटेड शिकाऱ्यांनीच 1937 मध्ये सुरू केली. दुष्काळाने अमेरिकेतली तळी आटली होती, बदकं संपत चालली होती. गावोगावी जेवणावळी घालायच्या, बंदुका आणि लाकडी फसव्या बदकांचे लिलाव करायचे आणि तो पैसा पाणथळ जागा राखायला वापरायचा, असा यांचा खाक्या. त्याच्या तीन वर्षं आधी, 1934 मध्ये, तिथल्या सरकारने 'डक स्टँप' काढला. पहिल्या तिकिटाचं चित्र काढलं डिंग डार्लिंग या वर्तमानपत्री व्यंगचित्रकाराने. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं. तेव्हा किंमत एक डॉलर, आता पंचवीस. त्यातले 98 टक्के पाणथळ जागा विकत घेण्याकडे आणि राखण्याकडे जातात. आजवर 100 कोटी डॉलरहून जास्त रक्कम आणि सुमारे 60 लाख एकर जमीन!

परिणाम? 2019 मध्ये 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला. 1970 पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ 300 कोटी पक्षी कमी झाले. गवताळ माळावरचे पक्षी तर निम्म्याहून खाली आले. पण बदकं आणि हंस? 56 टक्क्यांनी वाढले. ज्यांना गोळ्या घातल्या जातात ते वाढले, आणि ज्यांच्याकडे कुणी बंदूक रोखत नाही ते आटले. कारण बदकांच्या तळ्याला गिऱ्हाईक होतं, माळावरच्या पक्ष्याला कुणी वाली नव्हता. (2025 च्या अहवालात बदकांचीही पीछेहाट दिसते. पैसा दुष्काळ थांबवू शकत नाही, हेही खरं.)

आता आपलं घर बघू. आपल्याकडे शिकारी नव्हते असं नाही. भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात 4,273 पक्षी पाडले. पण ते तळंच मुळात महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध घालून राखलं होतं, म्हणूनच आज तिथे केवलादेव राष्ट्रीय उद्यान उभं आहे. आपल्या मुंबईत 1883 मध्ये बीएनएचएस स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा होता. खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींचा त्या संस्थेशी संबंध जुळला तो एअरगनने पाडलेली एक चिमणी ओळखून घ्यायला ते तिथे गेले म्हणून.

पुढे 1972 चा वन्यजीव कायदा आला. त्यातही परवान्याने शिकारीची सोय होती, ती 1991 च्या दुरुस्तीने गेली. उत्तम झालं. पण बंदुकीबरोबर एक गोष्ट गुपचूप निघून गेली. तळं आटलं तर ज्याचं नुकसान होईल असा खमक्या माणूस.

आणि मग आम्ही अहिंसक मंडळींनी काय केलं? 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या तलावाकडे येणारं खाडीचं पाणी अडलं, तलाव सुकला आणि तिथे फ्लेमिंगो मेले. त्याच वर्षी 20 मेच्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून 39 फ्लेमिंगो पडले. दोन दिवस फोटो फिरले, रडके इमोजी पडले. असो. बंदूक कुणीच चालवली नव्हती, त्यामुळे गुन्हेगारही कुणी नव्हता.

आम्हा डिलाईल रोडवाल्यांना हा खेळ नवा नाही. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी होता. 2001 मध्ये नियम असा फिरवला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, इमारती उभ्या होत्या ती जमीन हिशोबातून गायब! एक व्याख्या बदलली आणि मैदानं गेली, वर टॉवर आले. पाणथळींचंही तेच. 2017 च्या केंद्राच्या नियमांतून मिठागरं वगळली, सिंचनासाठी बांधलेले जलाशयही वगळले. अहो, राज्याची पहिली रामसर जागा नांदूर मध्यमेश्वर हीच मुळी सिंचनाच्या बंधाऱ्यामुळे तयार झाली! ती 1986 पासून अभयारण्य आहे म्हणून वाचली. बाकीच्या तळ्यांचं काय?

"म्हणजे तुला शिकार परत सुरू करायची आहे का?" नाही, नाही आणि नाही. जिथे वाळूचा ट्रक अडवायला माणूस मिळत नाही, तिथे बंदुकीचे परवाने कोण मोजणार? शिवाय अमेरिकेतही आधी बाजारासाठी बेसुमार कत्तल झाली होती, शिकारी शहाणे झाले ते नंतर. मला त्यांची बंदूक नको, त्यांची पावती हवी आहे.

आमची पक्षीमित्र संमेलनं भरतात, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, माणसं स्वखर्चाने पहाटे चिखलात उभी राहतात. त्यांना माझा दंडवत. पण लाख-दोन लाखांची लेन्स घेणाऱ्या किती जणांनी एका तळ्यासाठी हजार रुपये काढलेत? खाडी दिसते म्हणून फ्लॅटला चार पैसे जास्त मोजणारा माणूस त्या खाडीला काय देतो? ऐरोलीच्या आयटी पार्कांना खिडकीतून रामसर जागा फुकटात दिसते, त्याचं भाडं कुणाला जातं?

माझी मागणी साधी आहे. पक्षी-तिकीट काढा. कॅमेरावाला, बोटीतून फ्लेमिंगो बघणारा, खाडीकाठचा बिल्डर, खाडीकाठची कंपनी, सगळ्यांनी दरवर्षी घ्यायचं. पैसा सरकारी तिजोरीच्या समुद्रात न जाता थेट त्या त्या तळ्याच्या नावावर पडला पाहिजे, आणि हिशोब तळ्याकाठी फळ्यावर लागला पाहिजे. आमच्या चाळीतल्या गणपतीचा लागतो तसा, पै-पैचा. वर्गणी दिलेला माणूस मांडव कुणाला हलवू देत नाही, हे डिलाईल रोडवर कुणालाही विचारा.

तोवर त्या अमेरिकन माणसाला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. तो हंगामात मोजकी बदकं मारतो आणि तळं राखतो. आपण एकही बदक मारत नाही, फक्त तळं बुजवतो. थापट्या आणि तलवार बदकं हजारो मैल उडून येतात, आणि उतरायला खाली पाणीच नसतं.

त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी कुणाचा शेजार निवडला असता?